यंत्र, माणूस आणि मोजमाप : औद्योगिक मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण

कारखाना म्हटला की यंत्रे, कच्चा माल, वीज आणि भांडवल या गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. या सर्वांची काळजी वाहणारे तज्ज्ञ आपल्या परिचयाचे आहेत. यंत्राची देखभाल अभियंता करतो, पैशाचा हिशेब लेखापाल ठेवतो, मालाची प्रत रसायनतज्ज्ञ तपासतो. परंतु या सर्वांना गती देणारा जो माणूस, त्याचा अभ्यास कोण करतो? कोणते काम कोणाला झेपेल, ते त्याला कसे शिकवावे, कामाची वाटणी कशी करावी, एका खात्यातील माणसे मनापासून राबतात आणि शेजारच्या खात्यात रोज कुरबुरी का होतात, या प्रश्नांची उत्तरे अनुभवी मुकादम आपल्या परीने देत आला आहे. याच प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या सव्वाशे वर्षांत उभे राहिले आहे. त्याला औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र असे म्हणतात.

या नावातील दोन शब्दांना दोन अर्थ आहेत. 'औद्योगिक' या भागात एकेका व्यक्तीचा आणि तिच्या कामाचा विचार होतो. कामाचे विश्लेषण, उमेदवारांची निवड, प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन, थकवा व अपघात हे विषय त्यात येतात. 'संघटनात्मक' या भागात माणसांच्या समूहाचा विचार होतो. प्रेरणा, नेतृत्व, गटातील संबंध, वरिष्ठ व कनिष्ठ यांच्यातील विश्वास आणि संस्थेत घडवून आणावयाचे बदल हे त्याचे विषय होत. हे शास्त्र केवळ गिरण्या-कारखान्यांपुरते मर्यादित नाही. रेल्वे, बँक, रुग्णालय, शाळा, सहकारी साखर कारखाना किंवा तालुक्याचे कचेरी-कामकाज, जेथे जेथे माणसे एकत्र येऊन वेतनावर काम करतात, तेथे तेथे ते लागू पडते.

खेड्यातील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात गावातील मुलगा किंवा मुलगी लष्कराच्या, रेल्वेच्या अथवा एखाद्या मोठ्या कारखान्याच्या भरतीस जाते, तेव्हा तिच्या हाती जी चाचणी पडते ती याच शास्त्रातून आलेली असते. त्या चाचणीवर तिच्या पुढील आयुष्याची दिशा अवलंबून असते. म्हणून ही चाचणी तयार करणारा, ती घेणारा आणि तिचा अर्थ लावणारा माणूस कसा शिकलेला आहे, हा प्रश्न साऱ्या समाजाचा आहे. या शिक्षणात मोजावयास शिकणे आणि ऐकावयास शिकणे या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. यांतील एकीवाचून दुसरी कशी अपुरी पडते, हे आपल्याच देशातील एका प्रसिद्ध प्रयोगावरून स्पष्ट होईल.

अहमदाबादच्या विणकाम खात्यातील धडा

१९५२ साली अहमदाबाद येथील कॅलिको गिरणीच्या एका विणकाम खात्यात स्वयंचलित माग बसविण्यात आले. नवे माग आल्यावर उत्पादन वाढावे आणि कापडातील दोष कमी व्हावेत, अशी साहजिकच अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस या गिरणीत आले व त्यांनी खात्याची पाहणी सुरू केली.

त्या वेळी खात्यात २२४ माग होते व त्यांवर २९ कामगार काम करीत होते. कामाचे लहान लहान तुकडे पाडून १२ प्रकारची कामे ठरविण्यात आली होती. विणकर आठ, मागांना कांड्या पुरविणारे पाच, ताण्याचे बरेच धागे एकदम तुटल्यास ते सांधणारे तीन, जॉबर दोन, शिवाय तेल घालणारा, झाडलोट करणारा, कापड वाहून नेणारे असे इतर. प्रत्येक कामास किती वेळ लागतो याचे मोजमाप करून ही वाटणी केलेली होती. कागदावर तिच्यात चूक काढण्यास जागा नव्हती.

दोष निराळ्याच ठिकाणी होता. विणकराकडे २४ ते ३२ माग असत, धागे सांधणाऱ्याकडे ६० ते ८०, तर जॉबरकडे ११२. कोणाच्याही कामाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी जुळत नसे. आठ विणकरांना पाच कांडीवाले व तीन सांधणारे मिळून पुरत असल्याने एका विणकराच्या वाट्यास हिशेबाने पाच-अष्टमांश कांडीवाला व तीन-अष्टमांश सांधणारा येई. माणूस असा अपूर्णांकात वाटता येत नाही. एकाच वेळी दोन विणकरांनी हाक मारली तर सांधणाऱ्याने प्रथम कोणाकडे जावे? कापड बिघडले तर जबाबदार कोण? प्रत्येकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून होते. तथापि ज्यांनी मिळून कापड विणावयाचे त्यांचा म्हणून कोणताही गट नव्हता.

राइस यांनी व्यवस्थापकांशी व देखरेख करणाऱ्यांशी चर्चा करून असे सुचविले की, ठराविक मागांच्या एका संचाची संपूर्ण जबाबदारी कामगारांच्या एका लहान गटाकडे द्यावी. ६४ मागांमागे सात जणांचा गट, अशी ही रचना होती. ही कल्पना खात्यात पोहोचताच कामगारांनी ती आपली मानली व कोणी कोणाबरोबर काम करावयाचे ते गट त्यांनी स्वतःच जमविले. नव्या पद्धतीचा जम बसल्यानंतर मागांची कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली व सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच होते व कामगारही तेच होते. बदलली होती ती कामाची रचना. राइस यांनी १९५८ मध्ये या प्रयोगावर ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांतून अहमदाबादचे हे उदाहरण शिकविले जाऊ लागले.

या कथेस एक उत्तरार्ध आहे व विद्यार्थ्यांनी तोही लक्षात ठेवला पाहिजे. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी त्या गिरणीची पुन्हा पाहणी केली. तेव्हा काही ठिकाणी गटपद्धती टिकून असल्याचे आणि काही ठिकाणी जुनी वहिवाट परत आल्याचे त्यांना आढळून आले. पुढे ती गिरणीही बंद पडली. तात्पर्य, एकदा सुधारणा केली म्हणजे काम संपले असे होत नाही. बाजार बदलतो, माणसे बदलतात आणि रचनेकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

अहमदाबादेत अशा प्रयोगास अनुकूल वातावरण आधीपासून तयार होत होते. १९४७ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने तेथे वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था, 'अटिरा', स्थापन झाली. सूत व रंग यांच्याबरोबर मानवी संबंधांचाही अभ्यास झाला पाहिजे, अशी दृष्टी तिच्या संस्थापकांनी ठेवली होती. त्या विभागाची धुरा डॉ. कमला चौधरी यांच्याकडे होती. त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यापकांत त्यांचा समावेश होता. विद्यापीठातील उच्च शिक्षण, संशोधन संस्था आणि गिरणीचे खाते या तिन्ही गोष्टी एका शहरात जुळून आल्या आणि त्यातूनच हे काम उभे राहिले.

विषयाचा उगम

या विषयाच्या शिक्षणाचा आरंभ प्रामुख्याने जर्मनी व अमेरिका या देशांत झाला. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हे जर्मन मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांचे अपघात वाढले होते. रस्त्यावरील पादचारी, घोडागाडी व मोटार यांच्या हालचालींचा अंदाज चालकाने क्षणात घ्यावयाचा असतो. म्युन्स्टरबर्ग यांनी ही परिस्थिती अंकांच्या सरकत्या पट्टीवर उभी केली आणि कोणता चालक धोका किती लवकर व किती अचूक ओळखतो हे तपासण्याची चाचणी बनविली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९१२ मध्ये जर्मन भाषेत व १९१३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

१९१५ मध्ये पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेत वॉल्टर बिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. विभागाने व्यापारी व कारखानदार यांच्या सहकार्याने काम करावे आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रत्यक्ष प्रश्नांवर संशोधन करावे, अशी योजना होती. ब्रूस मूर यांना १९२१ मध्ये याच संस्थेने दिलेली पीएच.डी. ही औद्योगिक मानसशास्त्रातील पहिली समजली जाते. म्हणजे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण आरंभापासूनच वर्ग व कार्यस्थळ या दोन्ही ठिकाणी चालत आले आहे.

दरम्यान पहिले महायुद्ध झाले. १९१७-१८ या काळात अमेरिकन सैन्यातील सुमारे १७ लाख जवानांना बुद्धिमापन चाचण्या देण्यात आल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी एक व वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची दुसरी, अशा त्या दोन होत्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाचणी घेता येते, हे यातून सिद्ध झाले. त्याचबरोबर एक गंभीर दोषही उघडकीस आला. परदेशातून नव्याने आलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या जवानांचे गुण कमी पडले आणि काहींनी त्यावरून त्या त्या समाजांची बुद्धीच कमी असल्याचे निष्कर्ष काढले. चाचणीने शिक्षण व परिचय मोजला होता आणि नाव मात्र बुद्धीचे दिले गेले होते. चाचणीचा अर्थ लावताना होणारी चूक किती दूरवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण आजही प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविले जाते.

शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोगही असेच बोधप्रद आहेत. प्रकाश, विश्रांती, कामाचे तास यांत फेरफार करून उत्पादनावर काय परिणाम होतो, हे तेथे पाहण्यात आले. आपल्याकडे लक्ष दिले जात आहे या जाणिवेनेच कामगारांचे काम सुधारते, असा निष्कर्ष त्यावरून पुढे रूढ झाला. त्यामुळे कारखान्यातील मानवी संबंधांच्या अभ्यासास मोठी चालना मिळाली. परंतु प्रकाशविषयक प्रयोगांच्या मूळ आकड्यांची फेरतपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सांगितल्या जाणाऱ्या कथेइतका ठळक परिणाम त्या आकड्यांत दिसून आला नाही. पाठ्यपुस्तकातील प्रसिद्ध गोष्टसुद्धा मूळ आकड्यांपर्यंत जाऊन तपासावी, ही शिस्त पदव्युत्तर शिक्षणाने लावावयाची असते.

भारतात या विषयाचे बीज कलकत्त्यास पडले. म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे हार्वर्ड येथे शिकलेले डॉ. एन. एन. सेनगुप्ता यांनी कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घातला. १९१६ पासून तेथे मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे व १९३८ मध्ये तेथे उपयोजित शाखा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी डेहराडून येथे प्रायोगिक निवड मंडळ स्थापन करण्यात आले. सैन्याधिकाऱ्यांची निवड करणाऱ्या आजच्या मंडळांत मुलाखत घेणारे अधिकारी व गटचाचणी अधिकारी यांच्याबरोबर मानसशास्त्रज्ञाचेही मत घेतले जाते, त्या परंपरेचा आरंभ तेथे झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्यामुळे कामगारांच्या प्रश्नांचे शिक्षण घेतलेल्या पदवीधरांना कारखान्यांत स्थान मिळू लागले.

पदव्युत्तर वर्गात काय शिकावे लागते

या विषयाकडे वळणारे बरेच विद्यार्थी कला शाखेचे असतात. मानसशास्त्र म्हणजे माणसांशी गोड बोलण्याची कला, अशी त्यांपैकी अनेकांची समजूत असते. पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र समोर आल्यावर ती दूर होते. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, नमुना निवड या गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. गणिताची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी हे आधीच सांगावे. तसेच, येथे लागणारे गणित शालेय अंकगणित चांगले असलेल्या कोणासही मेहनतीने साध्य होते, हेही सांगावे.

त्यानंतर मानसमापनाचा अभ्यास येतो. चांगल्या चाचणीच्या अंगी दोन गुण असावे लागतात. पहिला विश्वसनीयता. तराजूवर तेच पोते दोनदा ठेवले तर वजन तेच भरले पाहिजे. तसेच, एकाच व्यक्तीने चाचणी काही काळाने पुन्हा दिली तर गुणांत फार तफावत पडता कामा नये. दुसरा गुण सप्रमाणता. तराजू कितीही खरा असला तरी त्यावर कापडाची लांबी मोजता येत नाही. चाचणी जे मोजते असे म्हटले जाते, तेच ती मोजते काय, आणि तिच्यात चांगले गुण मिळविणारे पुढे प्रत्यक्ष कामातही चांगले ठरतात काय, हे पुराव्याने दाखवावे लागते. चाचणी विश्वसनीय असूनही सप्रमाण नसेल, तर एकच चूक ती नियमितपणे करीत राहील.

कार्य विश्लेषण हा तिसरा महत्त्वाचा विषय होय. एखाद्या जागेसाठी माणूस निवडण्यापूर्वी त्या जागेवरील काम नेमके काय आहे, हे शब्दांत मांडावे लागते. त्यासाठी विद्यार्थ्याने कामगाराशेजारी उभे राहून पूर्ण पाळीचे निरीक्षण करावे, त्याला प्रश्न विचारावेत आणि मुकादमाचे म्हणणेही ऐकावे. कचेरीतील फायलीत लिहिलेले काम आणि प्रत्यक्ष होत असलेले काम यांतील अंतर त्याला तेथेच समजते. याशिवाय प्रशिक्षणाच्या पद्धती, कामाचे मूल्यमापन, प्रेरणा व नेतृत्व यांच्या उपपत्ती, यंत्र व माणूस यांचा मेळ, कामगार कायदे आणि संघटनेतील बदल हे विषय दोन वर्षांत शिकविले जातात. शेवटी क्षेत्रकार्य व प्रबंधिका असते.

क्षेत्रकार्याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कारखान्यात गैरहजेरी फार आहे. कामगार आळशी आहेत व पाच जणांना कमी केल्यास इतरांवर वचक बसेल, असे व्यवस्थापकाचे मत आहे. विद्यार्थ्याकडे हा प्रश्न आला. तो प्रथम सहा महिन्यांचा हजेरीपट मागतो व गैरहजेरी वार, पाळी व गाव यांप्रमाणे मांडतो. त्यात असे आढळते की, बहुतेक खाडे पाळी बदलण्याच्या आठवड्यात पडतात व ते दोन-तीन विशिष्ट गावांच्या कामगारांचेच आहेत. आकड्यांनी प्रश्नाची जागा दाखविली, कारण मात्र दाखविले नाही. मग तो त्या गावच्या कामगारांना भेटतो. दुसरी पाळी सुटण्यापूर्वीच शेवटची बस निघून जाते व रात्री सात-आठ किलोमीटर पायी जावे लागते, हे त्याला तेव्हा कळते. पाळी सुटण्याची वेळ पाऊण तासाने अलीकडे घेतली किंवा बसची वेळ बदलून घेतली, तर प्रश्न मिटण्यासारखा आहे. नुसते आकडे पाहणाऱ्याने त्या पाच जणांना 'नेहमीचे गैरहजर' ठरविले असते. नुसत्या तक्रारी ऐकणाऱ्याजवळ व्यवस्थापकास पटवून देण्याइतका पुरावा नसता. दोन्ही केल्यामुळे पाच कुटुंबांची भाकरी वाचते आणि कारखान्याचेही काम होते.

चाचणी आणि उमेदवार

आता उमेदवाराच्या बाजूने एक उदाहरण पाहू. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या भरतीत लेखी परीक्षेनंतर संगणकावर अभिक्षमता चाचणी घेतली जाते. लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन संस्थेतील मानसशास्त्र विभाग अशा चाचण्यांचे काम पाहतो. स्मरण, सूचनांचे पालन, अंतराचा अंदाज, एकाग्रता व दृष्टीने चटकन ओळखण्याची क्षमता अशा गोष्टी तीत तपासल्या जातात. प्रत्येक चाचणीत किमान ४२ 'टी-गुण' मिळविणे आवश्यक असते आणि ही अट सर्व प्रवर्गांच्या उमेदवारांना सारखीच लागू असते.

हा ४२ आकडा पाहून अनेकांची अशी समजूत होते की, शंभरांपैकी ४२ प्रश्न बरोबर आले म्हणजे झाले. तसे नाही. टी-गुणांच्या पद्धतीत सर्व उमेदवारांचे मध्यमान ५० धरले जाते व प्रमाण विचलन १० धरले जाते. म्हणजे ५० गुण मिळविणारा उमेदवार सरासरीवर असतो, ६० मिळविणारा बराच वर असतो आणि ४२ मिळविणारा सरासरीच्या थोडा खाली असतो. गुणांची विभागणी नेहमीसारखी असेल, तर शंभर उमेदवारांपैकी साधारण एकवीस जण एका चाचणीत या रेषेखाली राहतील. चार चाचण्यांत उत्तम गुण मिळवून पाचवीत ४१ मिळाले, तरी उमेदवार बाद होतो. कारण वाहनचालकाचे एखादे कौशल्य फार उत्तम असले, तरी त्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. इंजिनाच्या मागे शेकडो प्रवासी बसलेले असतात.

येथेच भाषेचा प्रश्न उद्भवतो. २०१८ च्या भरतीत या अभिक्षमता चाचणीतील प्रश्न इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत होते. घरी व शाळेत केवळ मराठी बोलणाऱ्या उमेदवाराचे डोळे व हात तत्पर असूनही, सूचना समजण्यास लागलेल्या काही क्षणांमुळे तो मागे पडू शकतो. अशा वेळी चाचणी अंतराचा अंदाज मोजते आहे की भाषेचा सराव, हा प्रश्न विचारणे हे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचे कर्तव्य होय. सूचना सोप्या ठेवणे, प्रारंभी सरावाचे नमुने देणे आणि चित्रे व आकृती यांचा उपयोग करणे हे त्यावरील उपाय या शास्त्रात सांगितलेले आहेत. शिक्षकांनीही आपल्या विद्यार्थ्यांकडून हिंदीतील सूचना वाचून घेण्याचा व वेळ लावून आकृतिप्रश्न सोडविण्याचा सराव आधीपासून करून घ्यावा.

शिक्षणाच्या पायऱ्या

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने प्रथम मानसशास्त्र विषय घेऊन पदवी मिळवावी. त्यानंतर एम.ए. अथवा एम.एस्सी. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांस हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचीही तरतूद आहे. संशोधन व अध्यापन यांत रस असणाऱ्यांनी पुढे पीएच.डी. करावी. त्यासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे 'नेट', उपयोगी पडते.

मराठी भाषकांस सोयीची केंद्रे महाराष्ट्रात व त्याच्या सीमेबाहेरही आहेत. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे व पुणे विद्यापीठात १९५० पासून मानसशास्त्राचा विभाग आहे. बेळगाव भागातील विद्यार्थ्यांना धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ जवळ पडते, तर हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठ. वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. तेथे शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र यांची एकच विद्याशाखा आहे. अहमदाबादच्या गिरण्यांतील प्रयोग ज्या प्रदेशात झाले, तेथेच हे विद्यापीठ आहे. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन गोष्टींची चौकशी करावी. औद्योगिक शाखा विशेष विषय म्हणून शिकविली जाते काय, क्षेत्रकार्यासाठी कारखाना अथवा कार्यालय ठरवून दिले जाते काय, आणि प्रबंधिकेसाठी प्रत्यक्ष माहिती गोळा करावी लागते काय. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी नसतील, तर ती पदवी केवळ पुस्तकी राहण्याचा धोका असतो.

पदवीनंतर मनुष्यबळ विभाग, प्रशिक्षण संस्था, निवड व चाचणी केंद्रे, संरक्षण व रेल्वे यांच्या संशोधन संस्था, सल्लागार संस्था व महाविद्यालये या ठिकाणी काम मिळू शकते. व्यवस्थापनाची पदवी घेतलेले उमेदवारही यांपैकी काही जागांसाठी स्पर्धेत असतात. मानसशास्त्राच्या पदवीधराचे वैशिष्ट्य त्याच्या मापनाच्या शिक्षणात आहे. ते कच्चे राहिले, तर या स्पर्धेत त्याच्या हाती वेगळे असे काही उरत नाही.

विश्वासाचे बंधन

डॉक्टर व वकील यांच्याप्रमाणे सक्तीची नोंदणी या व्यवसायास आपल्याकडे नाही. म्हणून नीतिनियमांचे शिक्षण येथे अधिकच महत्त्वाचे ठरते. कामगाराला माहितीचा हेतू सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. 'नाव कळणार नाही' असे सांगून भरून घेतलेली प्रश्नावली नावानिशी मालकाच्या हाती देऊ नये. चाचणीचा निष्कर्ष तिच्या मर्यादेपलीकडे ताणू नये. एका चाचणीत कमी पडलेला उमेदवार त्या एका कामास आज योग्य ठरला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि त्याला तो याच शब्दांत सांगावा. हे नियम वर्गात पाठ होतात. त्यांची खरी परीक्षा मात्र नोकरीत लागते, कारण वेतन मालक देतो आणि विश्वास कामगार ठेवतो. कामगाराचा विश्वास एकदा गमावला, तर पुढच्या पाहणीत तो खरे उत्तर देणार नाही आणि मग सर्व आकडेमोड निरर्थक होईल.

अधिकाऱ्यांनीही या शास्त्राकडून योग्य तीच अपेक्षा ठेवावी. वेतन अपुरे असेल, यंत्र जुने असेल, पिण्याचे पाणी नसेल, तर त्यावर मानसशास्त्र हा उपाय नव्हे. कामगारांचे मन वळविण्याची युक्ती म्हणूनही त्याचा वापर होऊ नये. कामाची रचना, निवडीची रीत व माणसांचे संबंध यांत जेथे दोष असेल, तेथे तो पुराव्यानिशी दाखवून देणे व तो दूर करण्याचा मार्ग सुचविणे, एवढे त्याचे कार्यक्षेत्र आहे आणि ते लहान नाही.

अहमदाबादच्या त्या खात्यात प्रयोगापूर्वीही मोजमाप होतेच. प्रत्येक कामाचा वेळ लिहिलेला होता. मागांमध्ये धावपळ करणाऱ्या २९ जणांना एकमेकांशी जोडून घेण्यास मात्र कोणी वाव दिलेला नव्हता. तो मिळताच त्यांनी आपले गट आपणच जमविले. माणसांची पारख व संख्येची शिस्त या दोन्हींची आवड असलेले विद्यार्थी गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत आहेत. त्यांना या विषयाची माहिती देणे आणि संख्याशास्त्राची भीती बाळगू नये असे सांगणे, हे शिक्षकांना सहज करता येण्यासारखे आहे. उद्या याच मुलांनी बनविलेल्या चाचण्या आणि आखलेल्या पाळ्या यांवर आणखी कितीतरी घरांची रोजीरोटी अवलंबून असणार आहे.